रस की स्मूदी: सुरुवात कुठून करावी

रस आणि स्मूदी ही दोन नावे बहुधा एका दमात घेतली जातात आणि दोन्हींचा पेला सारखाच रंगीत दिसत असल्यामुळे त्यांतला फरक सुरुवातीला कुणी फारसा मनावर घेत नाही. आरोग्यासाठी ही सवय लावून घेऊ पाहणाऱ्याने सर्वांत आधी समजून घ्यावी अशी गोष्ट मात्र हा फरकच आहे. रस काढताना आपण फळाचे किंवा भाजीचे दोन भाग करतो. पाणी, साखर, क्षार आणि पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे पेल्यात येतात आणि चोथा यंत्राच्या दुसऱ्या बाजूला पडतो. स्मूदीत काहीच बाजूला पडत नाही. गर बारीक वाटला जातो आणि भांड्यात घातलेले सगळे पोटात जाते. गेली काही वर्षे मी दोन्ही करते आहे, आवडीने करते आहे, आणि ज्याला नव्याने सुरुवात करायची आहे त्याला मी निःशंकपणे स्मूदीपासून सुरुवात करायला सांगते. रसाला माझा विरोध नाही आणि त्याच्या खऱ्या उपयोगांबद्दल मी पुढे लिहिलेच आहे; परंतु तो थोडा, विचारपूर्वक आणि मुख्यतः भाज्यांचा घ्यावा, या मतावर मी वाचनातून आणि अनुभवातून आले आहे.

चोथ्याला एवढे महत्त्व का द्यायचे, याचे सर्वांत स्पष्ट उत्तर मला एका जुन्या प्रयोगात मिळाले. ब्रिटनमधील ब्रिस्टल येथील संशोधकांनी १९७७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो प्रसिद्ध केला होता. १० व्यक्तींना त्यांनी वेगवेगळ्या वेळी अख्खी सफरचंदे, सफरचंदांचा वाटलेला गर आणि सफरचंदांचा गाळलेला रस दिला आणि तिन्ही वेळा त्यांतील पचण्याजोग्या कर्बोदकांचे प्रमाण ६० ग्रॅम इतकेच ठेवले. रस संपवण्याचा वेग अख्खी सफरचंदे खाण्याच्या वेगाच्या अकरा पट निघाला आणि गर खाण्याच्या वेगाच्या चौपट निघाला. तिन्ही पदार्थ सारख्याच गतीने संपवायला लावले, तरीसुद्धा अख्ख्या सफरचंदांपेक्षा गराने कमी आणि गरापेक्षा रसाने आणखी कमी तृप्ती दिली. रक्तातील साखर तिन्ही वेळा जवळपास सारखीच चढली, परंतु रसानंतर ती ठळकपणे खाली घसरली, गरानंतर त्याहून कमी घसरली आणि अख्ख्या सफरचंदांनंतर अशी घसरण दिसलीच नाही. इन्सुलिनही रस आणि गर घेतल्यावर अधिक वाढले. रसाचा मोठा पेला रिकामा केल्यावर थोड्याच वेळात पुन्हा भूक लागते, असे ज्यांना जाणवते त्यांना या नोंदीत आपलाच अनुभव सापडेल.

या प्रयोगातला गर म्हणजे जवळपास आपली स्मूदीच होय, आणि तो मधल्या पायरीवर राहिला, हे स्मूदीच्या चाहत्यांनी मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानेही हेच दाखवले. जेवणाआधी सफरचंदाच्या फोडी खाणाऱ्यांनी त्या जेवणात, आधी काहीच न खाण्याच्या तुलनेत, सुमारे १५ टक्के कमी उष्मांक घेतले. शिजवून घोटलेल्या सफरचंदाचा आणि रसाचा परिणाम त्याहून कमी होता. मला त्यातला सर्वांत बोलका भाग वेगळाच वाटला. रसात तंतुमय पदार्थ मुद्दाम मिसळून दिले, तरी त्याने तृप्ती वाढली नाही. याचा अर्थ तृप्ती केवळ तंतूंच्या ग्रॅमवर ठरत नाही, तर फळाची मूळ घडण आणि ते चावण्याची क्रिया यांचाही तिच्यात वाटा आहे. म्हणून रसात तंतूंची भुकटी कालवून फळाची बरोबरी साधण्याचा मार्ग मला पटत नाही. म्हणूनच मी स्मूदी चमच्याने घेता येईल इतकी दाट ठेवते, सावकाश घेते, आणि दिवसातले निदान एक फळ चावूनच खाते.

आता साखरेविषयी. एका मध्यम आकाराच्या संत्र्यात साधारण १२ ग्रॅम साखर आणि ३ ग्रॅम तंतुमय पदार्थ असतात. २४० मिलिलिटर संत्र्याच्या रसात साखर २० ग्रॅमच्या थोडी वर जाते आणि तंतुमय पदार्थ अर्ध्या ग्रॅमच्या आसपास उरतात. सफरचंदाच्या रसात दर १०० मिलिलिटरला साधारण १० ग्रॅम साखर असते, म्हणजे कोलासारख्या गोड पेयांइतकीच. ही साखर नैसर्गिक आहे हे खरे. तरीही जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली साखरेविषयीची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली तेव्हा फळांच्या रसातील साखर, मध आणि पाक यांना वरून घातलेल्या साखरेच्याच गटात धरले. या गटातील साखरेतून दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी ऊर्जा यावी आणि शक्यतो ५ टक्क्यांच्याही आत राहावे, असे संघटना सांगते. दिवसाला २००० कॅलरी घेणाऱ्या व्यक्तीसाठी हे प्रमाण अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होते, आणि त्यातली दुसरी मर्यादा फळांच्या रसाचा एक मोठा पेलाच जवळपास गाठतो. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा रस आणि स्मूदी मिळून दिवसाला १५० मिलिलिटरपर्यंतच घ्यावे, असे सुचवते, कारण वाटल्यानेही पेशींमध्ये बंद असलेली साखर मोकळी होते. स्मूदीच्या बाबतीत ही मर्यादा मला थोडी कडक वाटते, विशेषतः तिच्यात भाजी, दही आणि बिया असतील तर. पण केवळ फळांच्या गोड स्मूदीसाठी ती योग्यच आहे.

मधुमेहाच्या संदर्भात अख्ख्या फळाची आणि रसाची तुलना करणारा एक मोठा अभ्यास २०१३ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला होता. अमेरिकेतील आरोग्यक्षेत्रात काम करणाऱ्या स्त्री-पुरुषांच्या आहाराची अनेक वर्षे ठेवलेली नोंद तपासून हार्वर्डच्या संशोधकांना असे दिसले की ब्लूबेरी, द्राक्षे आणि सफरचंदे यांसारखी फळे अख्खी खाणाऱ्यांत दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचे प्रमाण कमी होते, तर फळांचा रस अधिक घेणाऱ्यांत ते जास्त होते. असा अभ्यास कारण सिद्ध करत नाही, केवळ दोन गोष्टींची सांगड दाखवतो. पण १९७७ च्या प्रयोगाशेजारी तो ठेवून पाहिला की दोन्हींचा रोख एकाच दिशेला आहे, हे लक्षात येते.

इतके सांगितल्यावर रसाची बाजू मांडणे मला आवश्यक वाटते, कारण काही बाबतीत तो खरोखर उपयोगी आहे. बिटाचा रस हे त्याचे उत्तम उदाहरण होय. बिटात नायट्रेट भरपूर असते. ते रक्तात शोषले गेल्यावर त्याचा काही भाग लाळेत उतरतो, जिभेवरचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, आणि पुढे शरीरात त्यापासून नायट्रिक ऑक्साइड तयार होऊन रक्तवाहिन्या सैलावतात. लंडनमधील संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी व्यक्तींनी ५०० मिलिलिटर बिटाचा रस घेतल्यावर सुमारे तीन तासांत त्यांचा वरचा रक्तदाब १० अंकांच्या आसपास उतरला. आणि ज्यांना रसानंतर लाळ गिळू न देता थुंकायला लावले त्यांच्यात हा परिणाम दिसला नाही. जिवाणूंचा नाश करणारे माउथवॉश वापरल्यानेही ही साखळी तुटते. जिभेवरच्या जिवाणूंचा रक्तदाबाशी असा संबंध असावा, हे वाचून मला फार नवल वाटले होते. अर्थात रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्याने हे वाचून गोळी थांबवू नये; उलट रोज बिटाचा रस सुरू करणार असल्यास ते डॉक्टरांच्या कानावर घालावे.

दुसरे उदाहरण गाजराचे. गाजरातले बीटा कॅरोटिन पेशींच्या भिंतींमध्ये अडकलेले असते आणि नुसते दोन-चार वेळा चावून गिळल्याने त्यातले फार थोडे सुटते. दळल्याने किंवा रस काढल्याने ते अधिक प्रमाणात मोकळे होते. ते मेदात विरघळत असल्यामुळे रसाबरोबर चार बदाम, थोडे तेल घातलेले खाणे किंवा जेवणच असेल, तर त्याचे शोषण चांगले होते. रोज पुष्कळ गाजराचा रस घेणाऱ्याच्या तळहातांवर पिवळसर झाक येते. ती निरुपद्रवी असते आणि प्रमाण कमी केले की निघून जाते. ज्यांना चावता येत नाही, आजारपणानंतर ज्यांची भूक मंदावली आहे किंवा काही काळासाठी ज्यांना डॉक्टरांनी चोथा कमी असलेला आहार सांगितला आहे, त्यांनाही रसाचा आधार होतो.

एका दाव्याविषयी मात्र मला स्पष्टपणे लिहायचे आहे. काही दिवस केवळ रसावर राहिल्याने शरीरातली विषारी द्रव्ये बाहेर पडतात, असे पुष्कळदा सांगितले जाते, आणि नवखा माणूस अनेकदा याच आशेने रसाकडे वळतो. शरीरातील नको असलेली द्रव्ये हाताळण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे अहोरात्र करत असतात आणि त्यांना त्यासाठी उपवासाची गरज नसते. उलट, प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण ०.८ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीला ४८ ग्रॅम. आणि एक लिटर गाजराच्या रसातून ती जेमतेम १० ग्रॅम मिळतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत काट्यावर जी घट दिसते तिच्यात मोठा वाटा ग्लायकोजेनचा, म्हणजे शरीरात साठवलेल्या कर्बोदकांचा, आणि त्याच्याबरोबर धरून ठेवलेल्या पाण्याचा असतो, त्यामुळे नेहमीचे जेवण सुरू होताच ती भरून निघते. मधुमेही, गरोदर स्त्रिया आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांच्यासाठी असा उपवास धोक्याचाही ठरू शकतो. भाज्या-फळे अधिक खाण्याची इच्छा अतिशय चांगली आहे, आणि तिला अशा अवघड व्रतात अडकवल्याने ती आठवड्याभरात विझते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

सुरुवात करताना मी पहिला प्रश्न असा विचारते की हा पेला कशाची जागा घेणार आहे. एक केळे, एक पेला साय न काढलेले दूध, दोन मोठे चमचे पीनट बटर आणि एक मोठा चमचा मध यांची स्मूदी सहज ४८० कॅलरींच्या घरात जाते. न्याहारी म्हणून ती ठीक आहे, पण नेहमीच्या न्याहारीवर ती घेतली तर एक जेवण वाढवल्यासारखेच होते. ज्यांची सकाळ घाईची असते आणि जे न्याहारी टाळतात किंवा बिस्किटांवर भागवतात, त्यांना स्मूदीचा सर्वाधिक फायदा होतो असे मी पाहिले आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला निदान ४०० ग्रॅम फळे आणि भाज्या खाव्यात असे सांगते; त्यातला शे-दीडशे ग्रॅमचा हिस्सा सकाळीच पोटात गेला तर उरलेले गाठणे सोपे जाते.

पहिल्या आठवड्यासाठी माझी मांडणी साधी आहे आणि ती घरातल्या साध्या मिक्सरवर जमते. एक मूठ पालक, म्हणजे अंदाजे ३० ग्रॅम. अर्धे पिकलेले केळे. हाताशी असलेल्या एखाद्या आंबटगोड फळाच्या वाटीभर फोडी. दीडशे ग्रॅम साधे दही. एक मोठा चमचा जवसाची पूड आणि लागेल तसे पाणी. यात प्रत्येक घटकाचे काही काम आहे. केळ्याने दाटपणा आणि गोडी येते, त्यामुळे साखर लागत नाही. दह्यातून प्रथिने आणि कॅल्शियम मिळते. जवसातून तंतुमय पदार्थ आणि ओमेगा-३ गटातील मेदाम्ल मिळते, आणि त्या मेदाच्या सोबतीने पालकातले कॅरोटिन आणि के जीवनसत्त्व शोषले जाते. जवस अख्खे घातले तर त्याचे दाणे न पचताच बाहेर पडतात, म्हणून ते आधी कोरड्या भांड्यात दळून घ्यावे आणि पूड फ्रीजमध्ये ठेवावी. दूधदुभते चालत नसेल तर दह्याऐवजी सोयाचे दूध घ्यावे. बदामाचे किंवा ओट्सचे दूध चवीला छान असले तरी त्यात प्रथिने कमी असतात.

घटक घालण्याचा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण स्मूदी आवडत नाही असे म्हणणाऱ्यांची खरी तक्रार बहुधा जिभेला लागणाऱ्या पानांच्या तुकड्यांबद्दल असते. आधी पाणी आणि पालेभाजी एवढेच घालून ते पूर्ण गुळगुळीत होईपर्यंत फिरवावे, मग मऊ फळे आणि दही घालावे, आणि गोठवलेले काही असल्यास ते सर्वांत शेवटी घालावे. ओट्स घालायचे असतील तर आधी दहा-पंधरा मिनिटे भिजवावेत. बर्फाने चव पातळ होते. त्याऐवजी पिकलेल्या केळ्याच्या चकत्या डब्यात भरून गोठवून ठेवल्या तर थंडपणा आणि दाटपणा दोन्ही मिळतात. पहिल्याच दिवशी हिरव्यागार स्मूदीचा आग्रह धरू नये. पालकाची चव सौम्य असते म्हणून त्याने सुरुवात करावी, आणि जीभ रुळेल तसतसे फळ थोडे कमी आणि भाजी थोडी जास्त करत जावे.

केळ्याबद्दल एक बारीकसा तपशील येथे नोंदवते. सफरचंदाची फोड उघडी ठेवली की ती ज्या विकरामुळे (एन्झाइममुळे) तपकिरी पडते, ते पॉलिफिनॉल ऑक्सिडेज केळ्यात भरपूर असते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात केळ्याची स्मूदी घेणाऱ्यांच्या रक्तात फ्लॅव्हॅनॉल या उपयुक्त द्रव्यांची पातळी, ती द्रव्ये केवळ कॅप्सूलमधून घेण्याच्या तुलनेत, ८४ टक्क्यांनी कमी आढळली. मुद्दाम बेरी किंवा कोको यांतल्या फ्लॅव्हॅनॉलसाठी स्मूदी करत असाल, तर त्या दिवशी केळ्याऐवजी दह्याने किंवा ओट्सने दाटपणा आणावा. एरवी केळे सोडण्याचे काही कारण नाही. त्यातले पोटॅशियम आणि तंतुमय पदार्थ आपल्या जागी आहेतच.

स्मूदी अंगवळणी पडल्यावर रसाकडे वळायचे असेल तर तीन भाग भाजी आणि एक भाग फळ हे प्रमाण मी धरते. दोन गाजरे, एक काकडी, अर्धे बीट, अर्धे सफरचंद, आल्याचा छोटा तुकडा आणि शेवटी पिळलेले लिंबू, एवढ्यात दोघांना पुरेल असा रस होतो. यासाठी लगेच ज्यूसर घेण्याची गरज नाही. फोडी थोड्या पाण्याबरोबर मिक्सरमधून काढून स्वच्छ सुती कापडातून पिळल्या की काम होते. लिंबाच्या आम्लामुळे रस काळा पडण्याचा वेग मंदावतो आणि चवही उजळते. सफरचंदाच्या बिया काढून टाकाव्यात, कारण त्या भरडल्या गेल्या तर त्यांतील अमिग्डालिन या द्रव्यापासून सायनाइड हे विष तयार होते. एखाद-दुसऱ्या बीने काही बिघडत नसले तरी रोजच्या सवयीत त्या नकोतच. बीट घेतल्यावर काहींच्या लघवीला तांबडा रंग येतो, त्याने घाबरून जाऊ नये. उरलेला चोथा सूपमध्ये किंवा कटलेटच्या सारणात घालता येतो, आणि तो पोटात जाईल अशी सोय केली तर मला अधिक समाधान वाटते.

पथ्याच्या बाबी मी जरा विस्ताराने सांगते, कारण पेल्यात भाजी-फळांचे प्रमाण एकदम वाढते आणि ताटात जे कधी त्रासदायक ठरले नसते ते येथे ठरू शकते. पालक, बिटाची पाने आणि बीट यांत ऑक्झलेट हे मूतखड्याला कारण होणारे द्रव्य पुष्कळ असते, आणि रोज मोठ्या प्रमाणात कच्च्या पालकाचे पेय घेतल्याने मूत्रपिंडांना इजा झाल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत. ज्यांना मूतखड्याचा त्रास झाला आहे त्यांनी पालकाऐवजी केल (कोबीच्या कुळातली पालेभाजी), लेट्यूस किंवा कोबी घ्यावा. इतरांनीही पालेभाजी आलटून पालटून वापरावी आणि तिच्यासोबत दही असू द्यावे, कारण त्यातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवते. ज्यांची मूत्रपिंडे आधीच अशक्त आहेत त्यांना केळे, संत्रे, टोमॅटो आणि पालक यांतले पोटॅशियमही झेपत नाही. वॉरफेरिन हे रक्त गोठू न देणारे औषध घेणाऱ्यांनी पालेभाज्यांचे प्रमाण अचानक वाढवू किंवा घटवू नये, कारण त्यांतले के जीवनसत्त्व औषधाच्या विरुद्ध काम करते.

ग्रेपफ्रूट या संत्र्याच्या कुळातल्या कडवट-आंबट फळाची गोष्ट तर स्वतंत्रपणे सांगण्यासारखी आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस कॅनडातील डेव्हिड बेली आणि त्यांचे सहकारी रक्तदाबाच्या फेलोडिपिन या औषधावर मद्याचा काय परिणाम होतो ते पाहत होते आणि मद्याची चव लपवण्यासाठी त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला. रक्तातील औषधाची पातळी अनपेक्षितपणे फार वाढलेली दिसली, आणि शोध घेता घेता कारण त्या रसातच सापडले. या फळातील द्रव्ये औषधांचे विघटन करणारे आतड्यातले एक विकर निकामी करतात. सिमव्हास्टॅटिन आणि ॲटोरव्हास्टॅटिन यांसारख्या कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांवरही हा परिणाम होतो. रोजची औषधे चालू असतील तर ग्रेपफ्रूट घेण्यापूर्वी डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला विचारलेच पाहिजे.

काकडी किंवा भोपळ्याच्या कुळातली कोणतीही भाजी पिळण्यापूर्वी तिचा तुकडा जिभेवर ठेवून पाहावा. नेहमी कडू नसणारी भाजी कडू लागली तर ती टाकून द्यावी, कारण तो कडवटपणा कुकुरबिटासिन या विषारी द्रव्यांचा असतो आणि इतर फळांच्या गोडीत तो झाकला गेला तरी त्याचा परिणाम झाकला जात नाही. लहान मुलांबाबत अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१७ साली सांगितले की एक वर्षाच्या आतल्या बाळाला फळांचा रस देऊच नये आणि एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १२० मिलिलिटरपेक्षा अधिक देऊ नये. आंबट रसाने दातांवरचे कवच मऊ पडते, म्हणून पेला तासभर घोट घोट घेत बसू नये, नंतर पाण्याने चूळ भरावी आणि लगेच दात घासू नयेत.

स्वच्छतेत कसूर करून चालत नाही, कारण येथे काहीच शिजवले जात नाही. १९९६ साली अमेरिकेत निर्जंतुक न केलेल्या सफरचंदाच्या रसातून ई. कोलाय जिवाणूंच्या घातक प्रकाराची साथ पसरली, साठहून अधिक लोक आजारी पडले आणि एका बालकाचा मृत्यू झाला. सालीसकट वापरायचे असो वा साल काढून, प्रत्येक फळ वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावे, कारण सुरी सालीवरचे जिवाणू आत नेते. साबण मात्र वापरू नये. केलेला रस लगेच घेणे उत्तम. ठेवायचाच असेल तर काठोकाठ भरलेल्या झाकणाच्या बाटलीत फ्रीजमध्ये ठेवून त्याच दिवशी संपवावा. गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांनी बाहेरचा कच्चा रस घेऊ नये.

महिना-दोन महिने हे सगळे साध्या मिक्सरवर करून पाहिल्यावरही रसाची ओढ टिकली, तर ज्यूसरचा विचार करावा. वेगाने फिरणाऱ्या जाळीचा ज्यूसर मिनिटाला हजारो फेरे घेतो, गाजर-सफरचंदासारख्या कडक वस्तूंचा रस झटपट काढतो, पण त्यात फेस जास्त येतो आणि पालेभाजीचा रस नीट निघत नाही. सावकाश दाबून पिळणारा ज्यूसर मिनिटाला शंभराच्या आत-बाहेर फेरे घेतो, चोथा कोरडा ठेवतो आणि पानांतूनही चांगला रस काढतो, मात्र त्याला वेळ लागतो आणि तो महाग असतो. जलद यंत्राच्या उष्णतेने रसातली विकरे मरतात, म्हणून तो रस निकृष्ट, हा प्रचार मी मनावर घेत नाही. भाजीतली ती विकरे प्रथिनेच असतात आणि जठरात गेल्यावर इतर प्रथिनांसारखीच पचून जातात. माझ्या लेखी निवडीची खरी कसोटी धुण्याची आहे. चोथा वाळला की जाळीची छिद्रे बुजतात आणि ती घासण्यात रस काढण्यापेक्षा अधिक वेळ जातो. बहुतेक ज्यूसर कपाटात जाऊन बसतात ते यामुळेच. म्हणून खरेदीपूर्वी यंत्र पूर्ण उघडून दाखवायला सांगावे, सुटे भाग किती आहेत ते मोजावे, जाळीच्या प्रत्येक कोपऱ्यापर्यंत ब्रश पोचतो का ते पाहावे, आणि चोथा जिथून बाहेर पडतो त्या नळीत आपली बोटे जातात की नाही, हे स्वतः हात घालून तपासावे.